मॅडमनं बोलावलंय

माझ्या खोलीत लोक तोंड बांधून येतात. उन्हाळ्यात सगळेच बांधतात, त्याचं काही नाही. पण आमच्याकडे भर श्रावणातही बांधून येतात. बायका ओढणीनं, पुरुष दुपट्ट्यानं, उघडे फक्त डोळे. दार लागलं, खुर्चीवर बसले, इकडचं तिकडचं बोलणं झालं, की मग हळूहळू गाठ सुटते. सरकारी दवाखान्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून मी नवीन लागले तेव्हा घरी येऊन म्हटलं होतं, बाप्पा, भंडाऱ्यात एवढी धूळ आली कुठून? धुळीचा काही संबंध नव्हता. बाहेरच्या बाकावर ओळखीची बाई भेटली तर काय सांगायचं, म्हणून ती सोय होती.

दुसरी गंमत अशी, की जवळचं माणूस जवळच्या शिबिरात येत नाही. आम्ही तालुक्याला शिबिरं लावतो. तुमसरच्या शिबिरात वरठीचे लोक येतात, तुमसरचे लोक भंडाऱ्याला येतात, आणि भंडाऱ्याचे सरळ नागपूरची बस धरतात. बसभाडं गेलं तरी चालेल, पण गावचं कोणी दिसायला नको. वरचे साहेब बैठकीत विचारायचे, तुमसर तालुक्यात रुग्ण एवढे कमी कसे? मी एकदा बोलून गेले, "कमी नाहीत साहेब, ते इथं बाहेर बसले आहेत, तोंड बांधून." कोणी हसलं नाही. माझ्या तोंडाला तेव्हाही लगाम नव्हता.

माझं काम काय, हे आमच्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही. गोळ्या लिहून देतात ते मानसोपचार तज्ज्ञ, म्हणजे डॉक्टर. मी चाचण्या घेते, बोलते, आणि बहुतेक वेळ ऐकते. आई म्हणायची, "दिवसभर गोष्टी करूनच पगार भेटते का वो तुले? मी त फुकटातच करतो." हसायचे मी. पण समोरच्या माणसानं अख्ख्या जगाला जे सांगितलं नाही ते तुम्हाला सांगितलं, की त्या दिवशी घरी गेल्यावर भाजी चिरायचीही ताकद उरत नाही. ते आईला कसं सांगणार?

आमच्या विभागाचे डॉक्टर म्हणजे सर. नाव घेत नाही, घ्यायची इच्छाही नाही. पण हा माणूस मला आधी कसा वाटत होता ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी लागले तेव्हा खोलीवर लाल अक्षरात 'मनोरुग्ण विभाग' असं लिहिलेलं होतं. सरांनी पेंटर बोलावला, स्वतः शेजारी उभं राहून ते पुसून घेतलं आणि 'समुपदेशन कक्ष' लिहायला लावलं. समुपदेशनाला माणूस कशासाठीही येऊ शकतो. दारू सोडायला, परीक्षेच्या भीतीला. त्या एका पाटीनं लोकांचं येणं वाढलं.

एकदा एका पुढाऱ्याचा माणूस आला. त्यांच्या घरी एका मुलीचं स्थळ चालू होतं. म्हणाला, "डॉक्टरसाहेब, पोरगी इथं येते का, एवढंच सांगा. हो का नाही." सरांनी उठून दार उघडून धरलं. "चहा घेऊन जा. बाकी या दाराच्या आतलं दाराच्या आत." मी कोपऱ्यात बसले होते. छाती भरून आली होती माझी. मला भाऊ नाही. माझ्या डब्यातले लाखोळीच्या डाळीचे वडे सर हक्कानं उचलून खायचे, माझ्या नोकरीचं कंत्राट वर अडकलं की स्वतः जाऊन बोलायचे, आणि मला वाटायचं, भाऊ असता तर असाच असता.

शनिवारी दुपारी आम्ही केस मांडायला बसायचो. ही आमच्या कामाची रीत आहे. मी ज्या रुग्णांशी बोलते त्यांचं डॉक्टरला सांगायचं, कारण गोळ्या त्यांना ठरवायच्या असतात. सर म्हणायचे, "अर्धं सांगू नकोस. अर्ध्या माहितीवर गोळी दिली तर रुग्णाचं नुकसान होतं." दार ते स्वतः लावायचे. मी सगळं सांगायचे. सांगायलाच पाहिजे होतं, आजही तेच म्हणते.

आता ती बाई. सिहोऱ्याच्या पलीकडच्या एका खेड्यातली. नवऱ्यानं आणली होती. तोंड न बांधता आलेली ती माझी पहिली रुग्ण. नंतर बरी झाल्यावर मी तिला विचारलं, "तू काहून नाही वो बांधत?" तर म्हणाली, "इथं मले कोन वळखते? अना बांधलं त जीव गुदमरते."

आणली तेव्हा ती बोलत नव्हती. झोप नाही, अंगावर शुद्ध नाही. घरच्यांचं म्हणणं एवढंच, की बाई भडकली आहे, रांधलेलं फेकून देते, सासूशी पटत नाही. कोणी म्हणालं बाहेरचं आहे. एका देवस्थानालाही नेऊन आणली होती. गावात मात्र त्यांनी कावीळ झाली म्हणून सांगितलं. कावीळ ही आमच्याकडची चांगली सोय आहे. कावीळ झालेल्या बाईला महिनाभर माहेरी ठेवता येतं आणि कोणी नाक मुरडत नाही.

सरांच्या गोळ्यांनी तिचा आजार उतरणीला लागला, हे खरं आहे आणि त्याचं श्रेय त्यांना आहे. पण ती बोलली माझ्याशी. फार दिवसांनी बोलली. खाली मान घालून, नखानं टेबलाची कड खरवडत म्हणाली, "मॅडम, मले भातात जहर दिसे."

मी पेन खाली ठेवलं.

"रांधो मीच, अना उतरवलं का मले वाटे, कोनीतरी जहर कालवलं. पोरगी जेवाले बसली का मी ताट ओढून घेवो. भाताचा गंज उकिरड्यावर उपडा करो. पोरगी रडे. थे सारे म्हणत, सासूच्या रागानं करते. मी म्हटलं, म्हणू द्या. जहराचं कसं सांगू? हे मी माया नवऱ्यालेही नाही सांगतलं. तुमालेच सांगतलं."

आपल्याच लेकराला उपाशी ठेवलं, हे तिच्या मनात ठाण मांडून बसलं होतं. आजारातलं वागणं तिचं नव्हतं, हे तिला पटवायला मला किती बसण्या लागल्या ते माझं मला माहीत. पण पटलं. झोप आली, भूक आली, चेहऱ्यावर तेज आलं. औषधाला ती एकटी बसनं यायला लागली. येताना कधी वेलावरचं गंगाफळ, कधी पिशवीभर चिवळीची भाजी. मी नको नको म्हणायचे आणि ती टेबलाखाली ठेवून जायची.

मग एक दिवस ती विचारायला आली. गावच्या शाळेत खिचडी शिजवणारी बाई सोडून गेली होती आणि बचत गटाच्या बायका हिला म्हणत होत्या, तू घे. "घेऊ का मॅडम? मले जमन का?" मी म्हटलं, घे! डोळे मिटून घे! भाताला भिणारी बाई रोज गंजभर भात शिजवून शाळेला वाढणार, याहून मोठं औषध माझ्याकडे कुठलं असणार? तिच्यादेखत मी टाळी वाजवली होती, वेड्यासारखी.

सोपं नव्हतं. तिचं घर बौद्ध, माझ्यासारखंच. गावातल्या काही आयांनी पोरांच्या दप्तरात डबे द्यायला सुरुवात केली. तोंडानं कोणी काही बोललं नाही, तसं आता कोणी बोलत नाही. "आमच्या पोट्ट्याले खिचडी पचत नाही वो," एवढंच. मुख्याध्यापक मात्र चांगले निघाले. रोज पोरांच्या पंगतीत मधोमध बसून, सगळ्यांना दिसेल असे जेवायचे. हळूहळू डबे कमी झाले. मग बंदच झाले. ज्या घरून सगळ्यात आधी डबा आला होता त्याच घरचा पोट्टा एक दिवस ताट पुढे करून म्हणाला, "मावशी, अजून वाढ ना." हे सांगताना ती माझ्यासमोर हसत हसत रडली. मीही रडले. आमच्या शिकवणीत बसत नाही ते, पण रडले.

त्याच दिवशी उठताना ती म्हणाली, "मॅडम, एवढंच सांभाळा. गावात कळलं त माया हातचा भात बंद होईन." मी म्हटलं, "या दाराच्या आतलं दाराच्या आत." सरांचंच वाक्य होतं ते.

ऑक्टोबरात मानसिक आरोग्याचा सप्ताह असतो. त्या वर्षी मोठे साहेब येणार होते. सर आठवडाभर आधीपासून धावपळीत होते. मला म्हणाले, "बरी झालेली एखादी चांगली केस समोर आणू. सत्कार करू. शाल, श्रीफळ. साहेबांना नुसते आकडे नको असतात. ती तुझी भातवाली बाई कशी राहील?"

मी सरळ नाही म्हटलं. का, तेही सांगितलं. गाव, शाळा, डबे, सगळं. सरांनी ऐकलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बरोबर आहे तुझं. नको. विसर ते." मी त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, की वरिष्ठ असावा तर असा. किती मूर्ख असावं माणसानं!

कार्यक्रमात माझ्याकडे आभार प्रदर्शन होतं. आपल्याकडे कार्यक्रम म्हटला की प्रास्ताविक एकाचं, सूत्रसंचालन दुसऱ्याचं आणि आभार ज्याला नाही म्हणता येत नाही त्याचं. मी कडक इस्त्रीची साडी नेसून पहिल्या रांगेत बसले होते. खुर्च्या भरायला नर्सिंगच्या मुली आणून बसवल्या होत्या. मागे समोशांचा वास सुटला होता. प्रास्ताविक झालं, दीपप्रज्वलन झालं, साहेबांचं स्वागत झालं. मग सर स्वतः माईकपाशी आले आणि म्हणाले, "आता एका विशेष व्यक्तीचा सत्कार."

बाजूच्या दारातून ती आली.

ठेवणीतली साडी, केसात अबोली, पायात नवीन चप्पल. तोंड उघडं, नेहमीसारखंच. माझ्याकडे पाहून हसली.

सरांनी तिचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. मग आवाज चढवून म्हणाले, "एक काळ असा होता, की या ताईंना भातात विष दिसायचं! पोटच्या लेकीसमोरचं ताट ओढून घ्यायच्या! आणि आज? आज त्याच ताई शाळेतल्या लेकरांना आपल्या हातानं भात रांधून वाढतात! जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!"

मी उठून उभी राहिले. "सर!" म्हणून ओरडले. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. सर क्षणभर थांबले, आणि मग माईकवर हसून म्हणाले, "बघा, आमच्या मॅडमही भावुक झाल्या." त्यावर आणखी टाळ्या पडल्या. साहेबांनी तिच्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला, फोटो निघाले. माझं ओरडणं टाळ्यांत जमा झालं. तळपायाची आग मस्तकाला जाते म्हणतात, ते त्या दिवशी कळलं.

तो फोटो आता मोठा करून माझ्या खोलीसमोरच्या भिंतीवर टांगला आहे. मधे ती, एका बाजूला साहेब, एका बाजूला सर. मी दोनदा उतरवायला लावला, दोन्हीदा परत लागला. येणारे लोक आधी तो फोटो पाहतात आणि ओढणीची गाठ आणखी आवळतात.

साहेबांचं भाषण सुरू झालं तसं मी तिला मागच्या व्हरांड्यात घेऊन गेले. ती नुसती फुलून आली होती. "मॅडम, तुमी काही सांगतलंच नाही! मले फोन आला, मॅडमनं बोलावलंय, चांगलं लुगडं नेसून ये म्हणे. मी म्हटलं, मॅडमनं बोलावलं त जावंच लागन."

"सर काय बोलले ते ऐकलंस का तू?"

"कायचं ऐकतो बाप्पा! पाय लटलट कापून राहिले होते. टाळ्याच आयकू आल्या." शालीवरून हात फिरवत म्हणाली, "मऊ हाय वो. आजवर कोनी मले रुमाल नाही देल्ला."

मी तिला काय बोलले ते धड आठवत नाही. काही दिवस सांभाळून राहा, कोणी विचारलं तर मला फोन कर, असं काहीतरी. फोटो काढणाऱ्या मुलाला गाठलं, वर्तमानपत्राच्या माणसाला हात जोडले. तो म्हणाला, "मॅडम, बातमी आधीच गेली. सरांनीच टाइप करून पाठवली होती, सकाळी."

आतून आभारासाठी माझं नाव पुकारलं. मी गेले नाही. शेवटी मेट्रननं आभार मानले, त्यात माझेही मानले.

सर व्हरांड्यात आले तेव्हा त्यांच्या हातात समोशाची बशी होती. मी विचारलं, "माझ्या नावानं का बोलावलंत तिला?"

"अगं, माझ्या नावानं ती आली नसती." इतकं सरळ बोलले! लाज नाही, काही नाही.

"मी नाही म्हटलं होतं. तुम्ही बरोबर आहे म्हणाला होतात."

"तुझ्या जागी तुझं बरोबरच होतं. पण हा कलंक जायचा कसा? लपवून लपवून? कोणीतरी समोर यावंच लागतं."

"मग तुम्ही या ना समोर! तुमच्या घरचं काही सांगा ना माईकवर! तिला विचारलं होतं का?"

"शाल आनंदानं घेतली तिनं. तू पाहिलंस." मग आवाज खाली घेऊन, मोठ्या भावासारखं, "तू फार गुंतलीस त्या केसमध्ये. समोसा खा, गार होतोय."

केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मला कोणी विचारावं. शत्रूनं केलं असतं तर मी भांडले असते, जिंकले असते किंवा हरले असते. पण ज्यानं मला दार लावायला शिकवलं त्यानंच माझ्या हातानं दार उघडून घेतलं. शनिवारी विश्वासानं सांगितलेलं त्यानं सप्ताहात विकलं, आणि बदल्यात त्याला मिळालं काय? एक प्रशस्तिपत्र आणि साहेबांचा पाठीवर हात.

बातमी दुसऱ्या दिवशी आली. त्याआधीच कोणीतरी सरांच्या भाषणाचा तुकडा मोबाइलवर टाकला होता आणि तो सिहोऱ्याकडच्या सगळ्या ग्रुपांवर फिरला होता. तिच्या नवऱ्याचा फोन आला. आवाज बसलेला. "मॅडम, पोट्टे आज डबे घेऊन आले. सारेच. थे अख्खा भात घेऊन बसली हाय शाळंत."

मी सरांना म्हटलं, गावात चला, शाळा समितीशी बोलू, डॉक्टरच्या शब्दाला वजन असतं. नागपूरला मीटिंग आहे म्हणाले. मी एकटी गेले. तुमसरपर्यंत बस, तिथून दुसरी बस, फाट्यावरून पायी. धान लोंबीवर आलं होतं, बांधीबांधीतून वास सुटला होता, आणि मी सबंध रस्ताभर मनात वाक्यं जुळवत होते.

समितीत चार-पाच जण बसले होते. मान दिला, चहा दिला. मी जीव तोडून बोलले. आजार म्हणजे काय, औषध काय करतं, ती किती दिवसांपासून पूर्ण बरी आहे, तुमच्या लेकरांनी तिच्या हातचं खाऊन कधी साधं पोट तरी दुखलं का? सगळे माना हलवत होते. सरपंच म्हणाले, "नाही ना मॅडम, आमी कोठी म्हणून राहिलो का दुखलं! अना आमी जातीचंही काही म्हणून नाही राहिलो बरं. थे त सारं गेलं आता. पन जहर दिसते म्हणनारी बाई पोराइच्या भाताजवर कशी ठेवावं? उद्या काही झालं त?"

"तिला आता नाही दिसत."

"पन दिसे ना? तुमच्याच डाक्टरनं सांगतलं माईकवर. आमच्या मनचं थोडीच हाय."

जातीचं कोणी विचारलं नव्हतं, त्यांनी आपणहून सांगितलं. इतके दिवस नाव न काढता येणारी गोष्ट त्यांच्या घशात अडकली होती. सरांनी त्यांना बोलता येण्यासारखं, सभ्य, डॉक्टरी कारण हातात आणून दिलं होतं. मुख्याध्यापक पूर्ण वेळ कपातल्या चहाकडे पाहत बसले. निघताना फाटकापाशी म्हणाले, "मॅडम, मी पंगतीत बसायचो, ते माझ्या हातात होतं. आता पालकांच्या सह्यांचा अर्ज आलाय. माझ्या हातात काही राहिलं नाही." दुसरी बाई ठेवायचं मी यायच्या आधीच ठरलं होतं. चहा माझ्यासाठी होता, निर्णय माझ्यासाठी थांबला नव्हता.

सर आजही माझे वरिष्ठ आहेत. शनिवारी मी आजही केस मांडते. आजार सांगते, गोळीला लागतं तेवढं सांगते आणि वही मिटते. सर म्हणतात, "तू पूर्वीसारखी बोलत नाहीस." वडे मी डब्यात नेत नाही. त्यांना वाटतं मला राग आला आहे आणि राग आहे तर कधीतरी जाईल. नोकरी सोडून द्यावी असं कितीदा मनात आलं. पण बाहेरच्या बाकावर तोंड बांधलेली माणसं बसलेली असतात आणि त्यांना ऐकायला या जिल्ह्याच्या दवाखान्यात दुसरं आहे कोण? चीड येते मला याची. ज्यानं फसवलं तो मानानं बसला आहे, आणि मी निघून जावं तर शिक्षा त्यांनाच होणार.

समितीशी बोलून शाळेतून निघाले, ती त्या दिवशी मी सरळ तिच्या घरी गेले होते. अंगणात बसली होती, सुपात काहीतरी पाखडत. उठली, बाज टाकली. "बसा." मॅडम म्हणाली नाही. चुलीपाशी सासू होती.

मी सांगून टाकलं. मी तुला बोलावलं नव्हतं. माझं नाव सांगून दुसऱ्यानं बोलावलं. मी नाही म्हटलं होतं, मला माहीतही नव्हतं.

तिनं सूप खाली ठेवलं. "हाव. नसन बोलावलं तुमी."

मला हायसं वाटलं. तेवढ्यात ती म्हणाली, "पन जहराची गोष्ट मी तुमालेच सांगतली होती. माया नवऱ्यानं थे मोबाईलात पहिल्यांदा आयकलं. मग तुमच्या डाक्टरले कोनं सांगतलं?"

शनिवार, केस मांडणं, अर्ध्या माहितीवर गोळी देता येत नाही, हे सगळं मी तिला सांगायला लागले. खरं होतं ते, अक्षर न अक्षर खरं होतं. तिच्या अंगणात बसून ऐकताना मलाच ते कोणीतरी सुटका करून घेण्यासाठी बोलावं तसं वाटत होतं. तिनं मला पूर्ण बोलू दिलं.

"म्हंजे तुमीच सांगतलं," ती म्हणाली. चिडून नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

औषधाचं विचारलं तर म्हणाली, आता नागपूरला जाते. नवरा नेतो. "तोंड बांधून जातो. सवय होऊन राहिली." मी उठले. इतकी वर्षं बोलण्याचाच पगार घेतला आणि एक वाक्य सुचेना.

"पानी त पिऊन जा," ती म्हणाली, आणि आतून गडवा आणि पेला घेऊन आली. लहान पोरगी तिच्यामागे दारात येऊन उभी राहिली. पेल्यात पाणी ओतायच्या आधी तिनं गडव्यातलं थोडं पाणी स्वतःच्या ओंजळीत घेतलं, माझ्यासमोर प्यायलं, तोंड पुसलं, आणि मग पेला भरून माझ्यापुढे धरला.

"घ्या. काही नाही त्यात," ती म्हणाली. "आता साऱ्याइले असंच द्या लागते. पोरीलेही."

मी पेला घेतला आणि उभ्याउभ्या सगळं पाणी प्यायले.